तलावाच्या मधोमध वर केलेला हात

कॉलेजच्या फळ्यावर ती नोटीस लागली तेव्हा मी पहिलं काम काय केलं असेल, तर वाचनालयात जाऊन नकाशात युरोप शोधला. पोहायचं कसं ते नंतर बघू म्हटलं. एकोणपन्नास सालची गोष्ट. युद्ध संपून चार वर्षं झाली होती आणि तिकडे देशोदेशींच्या विद्यापीठांतल्या मुलांच्या स्पर्धा पुन्हा भरायला लागल्या होत्या. आपल्याकडूनही पोहणारे पाठवायचं घाटत होतं. त्यासाठी पुण्याच्या तलावावर निवड व्हायची होती. चारशे मीटरची एक शर्यत, त्यात जे दोघे पहिले येतील त्यांची नावं पुढे जाणार. आमच्या सांगलीच्या कॉलेजातून दोन नावं गेली, एक माझ्या मित्राचं आणि एक माझं. त्याचं प्राध्यापकांनी घातलं होतं, माझं मी.

मित्र मिरजेचा. त्यांच्या घरात तीन पिढ्या सतारी आणि तंबोरे होत होते. तुम्ही त्या घरात गेलात तर डोकं वाकवूनच चालावं लागे, कारण आढ्याला वाळलेले भोपळे टांगलेले असत, काही तर घागरीपेक्षा मोठे. तो चार वर्षांचा असताना बापाने त्यातलाच एक चीर गेलेला, वाद्याला निरुपयोगी झालेला भोपळा त्याच्या पाठीला बांधला आणि कृष्णेत सोडून दिलं. तेव्हापासून तो पाण्यात. पोहताना आवाज म्हणून करायचा नाही. मी पोहायला लागलो की काठावरची म्हैस मान वळवून बघे.

त्याच्या अब्बांना पोराचं कॉलेज मुळातच पसंत नव्हतं. भोपळा खरवडायला, लाकूड तासायला विशीच्या आत हात बसावा लागतो, नंतर बोटं ऐकत नाहीत, असं ते म्हणत, आणि त्यांच्या बोटांकडे बघितलं की ते पटत असे. नोटीस लागली त्या आठवड्यात त्यांनी माझ्यासमोरच पोराला सांगितलं, "निवड झाली तर शीक, पोह, जा कुठं जायचं ते. मी आडवा येनार न्हाई. न्हाई झाली तर परत आल्या दिवशी कामाच्या फळीवर बसायचं. मग पुस्तकाचं नाव काढायचं न्हाई." अब्बा तसे थोडंच बोलत, पण बोललेलं मागे घेतल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. मित्राने मान डोलावली. त्याला बी. ए. व्हायचं होतं. इतिहास हा विषय मनापासून आवडणारा माझ्या पाहण्यातला तो एकमेव माणूस.

आता माझ्याबद्दल. मी साताऱ्याकडचा, म्हणजे विहिरीत पोहायला शिकलेला. विहिरीच्या पोहण्यात पोहणं कमी आणि उड्या फार. सूर मारायचा, मुटका मारायचा, मुटक्याचं पाणी काठावर धोतर वाळत घालणाऱ्याच्या तोंडावर उडालं पाहिजे, एवढंच आमचं शास्त्र. दमलं की हात वर करायचा, वरचा कुणीतरी ओढून घेतो. नदी ही वेगळी जात आहे हे मला सांगलीत कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण मी पहिल्याच दिवशी 'मला सगळं येतं' असं जाहीर करून बसलो होतो.

आदल्या वर्षीच्या श्रावणातलं एक सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सांगायला जिभेवर येत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. नदी तांबडी होऊन घाटाच्या निम्म्या पायऱ्या चढली होती. आम्ही तिघं वरच्या अंगाला पाण्यात शिरलो, धारेबरोबर येऊन घाटाला लागायचं असा बेत. मित्र, मी आणि आमच्या वर्गातला एक उंच, हडकुळा मुलगा, त्याला सगळे लंबू म्हणत. मी काठाकाठाने लबाडी करत आलो आणि पहिला लागलो. माझ्या मागे मित्र आला, पायरीवर बसून नाकातलं पाणी काढत होता. लंबू मधल्या धारेत होता. त्याने हात वर केला.

मीही हात वर केला. मोठ्याने ओरडलो, "ये ये, वाटच बघतोय!"

त्याने पुन्हा हात केला. मी पुन्हा हलवला, या खेपेला दोन्ही.

"काय झालं रं?" मित्राने खाली मान घालूनच विचारलं.

"काही नाही, हात करतोय."

तो तसाच उठला, वळूनही न बघता पाण्यात गेला. पण तोवर तिथे हात राहिला नव्हता. तिसऱ्या दिवशी लंबू खालच्या अंगाला, एका बाभळीच्या फांद्यांत सापडला. मित्र आणि त्याचे अब्बा भोपळे एकत्र बांधून केलेली सांगड घेऊन पाण्यात गेले आणि त्याला घेऊन आले. मी काठावर सगळ्यांचे कपडे सांभाळत उभा होतो. ते काम मी चोख केलं.

चार दिवसांनी मित्र मला घाटावर घेऊन गेला. शिव्या देईल असं वाटलं होतं, तशी माझी तयारीही होती. त्याने फक्त एवढंच सांगितलं, "नदीत कोन चेष्टेनं हात वर करत न्हाई. हात दिसला की वळायचं. कोन हाय, कशापायी हाय, बघत बसायचं न्हाई. चेष्टा निघाली तर भायेर आनून कानाखाली वाजवायची, पन आदी वळायचं. कळलं?"

"कळलं," मी म्हटलं. मला सगळं लगेच कळतं, हा माझा मोठाच दोष आहे.

तर निवड. मित्राची अडचण वेगळीच होती. नदीला भिंत नसते. कॉलेजमागच्या हौदात त्याला घातलं तर दहा हात मारून तो भिंतीशी येई, थांबे, आणि चुकीच्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा तिच्याकडे बघत राही. पुण्याचा तलाव पंचवीस मीटरचा, म्हणजे चारशे मीटरला सोळा फेऱ्या. पंधरा वेळा भिंतीवरून वळायचं. नदीतला माणूस तिथेच मागे पडणार. विहिरीत वाढलेल्याला मात्र भिंतीशिवाय दुसरं काही माहीत नसतं. आयुष्यात मी कुणाला काही शिकवलं असेल तर ते एवढंच, की भिंत हाताशी आली की गोळा व्हायचं, तळपाय दगडावर टेकायचे आणि वासरासारखी लाथ मारून सुटायचं.

त्यासाठी मे महिन्यात आम्ही उंब्रजजवळ माझ्या मामाच्या मळ्यात जाऊन राहिलो. तिथली विहीर चौकोनी, दगडी, तलावाच्या साधारण निम्मी. म्हणून सोळाच्या बत्तीस फेऱ्या. दुपारी मोट सुटली, बैल सावलीला गेले की आम्ही पाण्यात उतरायचो. मोट हाकणारा म्हातारा काठावर तंबाखू मळत बसे. फेऱ्या मोजायचं काम त्याने आपण होऊन घेतलं होतं. पुढ्यात बत्तीस खडे मांडी, एकेक बाजूला सारी आणि असा ओरडे की शेजारच्या मळ्यात ऐकू जावं.

"सतरा झालं! आटरा! आवं भाचंसाहेब, हात मारा, पान्याला कुरवाळताय जनू! त्यो बघा गेला म्होरं!"

मित्र प्रत्येक वेळी पुढेच असे. महिनाअखेर तो असा वळायला लागला की म्हातारा मोजायचं विसरे. मी मात्र एक गोष्ट अजिबात शिकलो नाही, ती म्हणजे फेऱ्या मोजणं. गरजच काय? वरून आकडा येत होता.

पुण्याच्या तलावाचं पाणी निळं होतं आणि त्याला दवाखान्याचा वास येत होता. तळ दिसत होता. मित्र काठावर वाकून बराच वेळ बघत राहिला.

"सगळं दिसतंय रं खालचं," तो म्हणाला. "पान्यात लपायला जागाच न्हाई."

"लपायचं कशाला? जिंकायचंय."

"तू जिंक. मला फकस्त दुसरा नंबर बास. अब्बांनी पयला म्हनलं न्हाई."

एकूण आठ जण होते. मुख्य पंच पलटणीतून निवृत्त झालेले मेजर, पांढरी विजार, गळ्यात शिट्टी. बुचांच्या दोऱ्या लावून पाण्याच्या आठ पट्ट्या पाडल्या होत्या. माझी पट्टी तिसरी, मित्राची चौथी, माझ्या लगतची. एका बाजूला लाकडी बाकांवर कॉलेजची मुलंमुली बसली होती. मी त्यांच्याकडे बघून छाती फुगवली, ती उडी मारेपर्यंत फुगलेलीच ठेवली, आणि पहिल्याच दहा हातांत माझा दम गेला.

मित्राचं काय सांगू? असं पोहणं मी पुढे पाहिलं नाही. निम्म्या शर्यतीत तो पहिला होता, आणि दुसरा त्याच्या मागे तीन-चार हात. प्रत्येक भिंतीवर तो उंब्रजच्या विहिरीतल्यासारखा सुटत होता. मी पाचवा, कदाचित सहावा. आणि मग, तलावाच्या बरोबर मधोमध, मला प्रश्न पडला की ही कितवी फेरी?

बारावी असावी. चौदावीही असेल. बारावी असेल तर दम राखायला हवा, चौदावी असेल तर आता जोर करायला हवा. वर कुणी ओरडत नव्हतं, म्हणजे ओरडत सगळे होते, पण आकडा कुणी सांगत नव्हतं. भिंतीला लागल्यावर विचारता आलं असतं. पोहत राहिलो असतो तरी शेवटी कुणीतरी शिट्टी वाजवलीच असती. मी थांबलो, पाय मारत उभा राहिलो, आणि शाळेत 'गुरुजी, विचारू का?' म्हणून करतात तसा उजवा हात सरळ वर केला.

मित्र समोरून येत होता. त्याच्या आणखी साडेतीन फेऱ्या राहिल्या होत्या आणि तो सगळ्यांच्या पुढे होता. श्वास घ्यायला त्याने तोंड वळवलं ते माझ्या बाजूला. मला त्याचा एक डोळा दिसला. पुढचा हात त्याने मारलाच नाही. दोरीखाली बुडी घेतली, माझ्या पाठीमागून वर आला, एक सणसणीत मुस्काटात ठेवून दिली, कारण बुडणारा मिठी मारतो म्हणून आधी त्याला गार करायचं असतं, आणि केस धरून, माझी हनुवटी वर ठेवत मला भिंतीकडे ओढत निघाला. मी ओरडत होतो, "अरे सोड! मी बरा आहे! सोड रे!" पण बुडणारी माणसं काहीही ओरडतात, हेही त्याला माहीत होतं.

बाकांवरचा हशा मला पाण्यातून ऐकू आला. कुणीतरी ओरडलं, "अहो, उभे राहा, पाणी छातीएवढंच आहे!" मी उभा राहिलो. पाणी खरोखरच छातीएवढं होतं.

बाकीचे सहा जण दरम्यान शर्यत संपवून मोकळे झाले.

मेजरांनी आम्हा दोघांना टेबलासमोर उभं केलं. पायांखाली पाण्याची थारोळी होत होती. ते कडक होते, पण अन्याय करणारे नव्हते, हे मला त्याच वेळी समजलं आणि म्हणूनच ते विसरता येत नाही. त्यांनी सगळं नीट उलगडून सांगितलं. दुसऱ्याच्या पट्टीत शिरतो तो बाद. पण बुडत्याला काढायला शिरला असेल, तर तो बाद नाही, त्याला अर्ध्या तासाने पुन्हा एकट्याला पोहू देऊ आणि घड्याळ लावू. मात्र मग जो बुडत होता त्याला आज पुन्हा पाण्यात उतरता येणार नाही. आणि बुडत नव्हता असं असेल, तर उलट. त्याच्या शर्यतीत अडथळा आला, तेव्हा पुन्हा पोहायची संधी त्याला.

मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "घाई नाही. विचार करून सांग. तू बुडत होतास?"

मला कुणी म्हणू नये की मी गोंधळलो, घाबरलो, तोंडातून निघून गेलं. मला वेळ दिला होता आणि मी तो पूर्ण घेतला. मी बाकांकडे पाहिलं. तिथे चार मुली तोंडावर पदर धरून हसत होत्या. छातीभर पाण्यात बुडालेला माणूस म्हणून सांगलीत कसं फिरायचं, हा पहिला विचार आला. दुसरा विचार त्याहून वाईट. मित्र बाद झाला तर पहिल्या दोघांतली एक जागा मोकळी होते. मला वाचनालयातला नकाशा दिसला. जन्मभर मी कारण नसताना खोटं बोलत आलो होतो. मामाशी बोललो, प्राध्यापकांशी बोललो, एकदा तर मेलेल्या आजोबांना पुन्हा मारून रजा घेतली होती. आणि त्या दिवशी मात्र मी मान ताठ करून म्हणालो, "नाही सर. बुडत नव्हतो."

"मग हात का वर केलास?"

"फेऱ्या विचारायला."

मेजरसुद्धा हसले. मित्र हसला नाही, पण रागावलाही नाही. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, जसं काही आपण दोघांनी मिळूनच हे ठरवलं होतं. कागदावरच्या त्याच्या नावावर रेघ मारली गेली.

अर्ध्या तासाने मी एकटा पुन्हा पाण्यात उतरलो. तलाव रिकामा, बाकांवरची मुलं जेवायला गेलेली. पहिली भिंत लागली आणि वरून आवाज आला, "एक!" मी वर पाहिलं. मित्र ओल्या पंच्यात काठावर उकिडवा बसला होता. त्याने सोळाच्या सोळा फेऱ्या मोजल्या. "तेरा! तीन राहिल्या रं, पाय मार, पाय! चौदा!" मी मारले. जेवढे होते तेवढे मारले. घड्याळात माझा नंबर पाचवा आला.

संध्याकाळच्या गाडीने परत निघालो. तिसऱ्या वर्गात खिडकीची जागा त्याने मला दिली. पुण्याचे दिवे मागे गेले. मग तो म्हणाला, "खरंच इसरलास फेऱ्या?"

"हो."

"लय येडा हायेस गड्या." तो थोडा हसला. "मला वाटलं, गेलास तू."

"मी काय सांगायला पाहिजे होतं?"

"जे होतं ते सांगितलंस की."

"तू रागावलास का?"

त्याने पिशवी मांडीवर ओढून घेतली. सातारा रोड आलं तेव्हा त्याने डोळे मिटले होते. झोपला नव्हता, पापण्या हलत होत्या. मी अब्बांना काय सांगायचं ते मनात जुळवत बसलो. अवघड नव्हतं. 'अब्बा, माझा हात दिसला म्हणून तो वळला.' एवढं वाक्य पुरे होतं. लंबूला बाभळीतून ज्यांनी सोडवलं त्या माणसाला त्यापुढे काही सांगावं लागलं नसतं. ते पोराला आणखी एक वर्ष देतील, कदाचित पाठीवर हातही ठेवतील, याची मला खात्री होती. कराडपर्यंत मी ते वाक्य तीन-चार तऱ्हांनी घोळवलं. ताकारी-किर्लोस्करवाडीपर्यंत त्यात एक विनोदही बसवला.

सकाळी मिरजेला घरी गेलो तेव्हा अब्बा फळीवर बसून एका भोपळ्याचं तोंड मापत होते. त्यांनी वर न बघता विचारलं, "कितवा?"

"बाद झालो, अब्बा."

"बाद? म्हंजे?"

बाद होण्याचं कारण सांगायचं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं, आणि ते तो घेणार नव्हता. अब्बांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. "तू सांग. तुझं तोंड चालतं."

वाक्य तयार होतं. पण ते जिभेवर आलं आणि त्याच्यामागे पुढचा प्रश्नही दिसला. अब्बा विचारणार, 'मग तू बुडत व्हतास?' आणि त्याला मी काय म्हणणार? हो म्हटलं तर काल 'नाही' कशाला म्हटलं? नाही म्हटलं तर हात कशाला वर केला? ज्या माणसाने श्रावणात मला काठावर दोन्ही हातांत कपडे धरून उभं पाहिलं होतं, त्याच्यापुढे ही दोन्ही उत्तरं मला द्यायची नव्हती.

"दोरी ओलांडली त्याने," मी म्हटलं. "तिथले नियम लई कडक आहेत, अब्बा."

यातला शब्दनशब्द खरा होता.

अब्बा पोराकडे वळले. "दुसऱ्याच्या हद्दीत कशाला शिरलास?"

मित्राने माझ्याकडे एकदाच पाहिलं. वाट बघत होता. मी टांगलेल्या भोपळ्यांकडे बघू लागलो. त्यातला एक फारच मोठा होता.

"चुकलं," तो म्हणाला.

"बस."

त्याने पिशवी कोपऱ्यात ठेवली, हात धुतले आणि फळीवर बसला. अब्बांनी त्याच्या हातात खरवडणी दिली. भोपळ्याच्या आत कोपरापर्यंत हात घालून तो सुकलेला गर काढू लागला. थोड्या वेळाने अब्बा म्हणाले, "हलक्या हातानं. पातळ झाला तर वाजत न्हाई." तो म्हणाला, "व्हय."

आतून माझ्यासाठी चहा आला. मी बसलो, बशीत ओतून प्यालो. चांगला झाला होता. आणखी घेणार का, असं आतून विचारलं, तेव्हा मी हो म्हटलं.